नारायणगडाचा आडोसा

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव लागते. बसमधल्या बहुतेकांना हे गाव माहीत असते ते टोमॅटोच्या बाजारामुळे, नाही तर तमाशाच्या फडांमुळे. तिथून खोडदच्या रस्त्याला वळले, की आठ-दहा किलोमीटरच्या आत एक डोंगर लागतो. हा नारायणगड. जुन्नर तालुक्यात शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे मातब्बर किल्ले असल्यामुळे या धाकट्याकडे फारसे कोणी वळत नाही. पायथ्याच्या गडाच्या वाडीतून निघाले, तर अर्ध्या-पाऊण तासात माथा येतो. शाळेची सहल न्यायची, तर पाचवीची मुलेही न दमता चढतील.

वर पाहण्यासारखे फार नाही असे लोक म्हणतात. शेवटच्या टप्प्यात खडकात खोदलेल्या पायऱ्या, माथ्यावर पाण्याची टाकी, एका पडक्या वाड्याची गणपती आणि शरभ कोरलेली चौकट, आणि हस्ताबाईचे देऊळ. देवळापाशी उभे राहून खाली पाहिले, की शेतांच्या हिरव्या तुकड्यांत अवाढव्य पांढरट वाडगी आभाळाकडे तोंड करून ठेवलेली दिसतात. ती रेडिओ दुर्बिणीची. आपण ज्या जागी उभे आहोत ती जागा तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी निवडली. खालची जागा चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी निवडली. दोघांनी एकाच डोंगराळ टापूकडे पाहिले, पण दोघांना हवे होते ते एकमेकांच्या अगदी उलट.

त्याआधी डोंगराविषयी. मुलांना विचारले, की डोंगर कसा झाला, तर ‘जमिनीतून वर आला’ हे उत्तर हमखास येते. हिमालयापुरते ते चालेल. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांना ते लागू पडत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारस पुन्हा पुन्हा पसरला आणि थरावर थर साचून बेसॉल्टचे जाड पठार तयार झाले. नद्यांनी आणि पावसाने हे पठार कापत नेले. जे कापले गेले नाही, ते डोंगर म्हणून आपल्यासमोर उभे आहे. म्हणजे नारायणगड वर आलेला नाही, तो उरलेला आहे. त्याच्या माथ्याच्या उंचीवर कधी काळी सगळीकडे जमीन होती, आणि आज जिथे ऊस आणि कांदा आहे तिथे खडक होता. या परिसरातल्या डोंगरांच्या कडा एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्यांच्या दिसतात, त्याचे कारणही हेच. एक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक थर. दोन थरांच्या मध्ये कुठे लालसर मातीची रेघ दिसली, तर पहिला थर थंड होऊन, उन्हापावसाने झिजून, त्याची माती व्हायला वेळ मिळाला होता असे समजावे. ही रेघ फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा चढताना बोट लावून दाखवणे सोपे.

माथ्यावरच्या टाक्यांचे गणितही या खडकातच आहे. घट्ट, भेगा नसलेल्या बेसॉल्टमधून पाणी मुरत नाही. गड बांधणाऱ्यांना तटाला दगड हवा होता आणि शिबंदीला पाणी. खडक फोडला की दगड मिळे आणि फोडलेल्या जागी टाके तयार होई. एका खर्चात दोन कामे. टाके खोदायचे तर भेगाळलेला थर सोडून घट्ट थर ओळखता यायला हवा, आणि तो ओळखणारे पाथरवट या भागात नवे नव्हते. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांचा आरंभ सातवाहनांच्या काळातला. कल्याणच्या बंदरातून नाणेघाट चढून आलेला माल जुन्नरला उतरे, आणि व्यापारी, कारागीर व संघ यांच्या दानांतून ही लेणी खोदली गेली. नाणेघाटातल्या लेखात नागनिकेने नोंदवलेल्या दानांचे आकडे आहेत. आपल्या अंकांच्या इतिहासातला तो फार जुना पुरावा, आणि तो गणिताच्या शिक्षकांच्या वाटेवर पडून आहे.

या टापूतून तीन नद्या सह्याद्रीकडून पूर्वेला जातात. उत्तरेकडून मोजत आले तर कुकडी, मीना आणि घोड. नदीच्या खोऱ्याला इथे ‘नेर’ म्हणत. कुकडीचे ते कुकडनेर, मीनेचे मीननेर. मीना पुढे पारगावजवळ घोडला मिळते. आज या नद्यांचे रूप धरणांनी बदलले आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे कुकडी प्रकल्पाची. घोडवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात तर ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचे.

कुकडीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना तिथे नदीकाठच्या गाळात पांढरट राखेचा थर सापडला. चुलीतली राख नव्हे, ज्वालामुखीची. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या तुकड्यांसारखे दिसतात. महाराष्ट्रातले ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. मग ही राख कुठली? रासायनिक घडण तपासल्यावर तिचा माग सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीपर्यंत गेला. तो इथून तीन हजार किलोमीटरहून दूर. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी त्याचा जो प्रचंड स्फोट झाला, त्याची राख भारतात अनेक नद्यांच्या गाळात मिळते.

हे एवढे सरळ मात्र झाले नाही. १९८९ साली बोरीच्या राखेचे वय चौदा लाख वर्षे असे प्रसिद्ध झाले. १९९५ साली दुसऱ्या पद्धतीने ते सहा लाख सत्तर हजार निघाले. त्याच सुमारास काचकणांच्या रसायनावरून काही संशोधक ती तोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची म्हणू लागले. एकच थर आणि तीन वये! फरकाचे एक कारण असे दिले जाते, की राख पडली तिथेच राहिली नाही. पावसाने ती धुऊन नदीत आणली आणि वाटेत भोवतालच्या जुन्या खडकाचे कण तिच्यात मिसळले. जुने कण वय वाढवून दाखवतात. आज काचकणांचा पुरावा बहुतेकांना पटतो. तरीही राखेच्या संगतीने सापडणारी दगडी हत्यारे फार जुन्या घडणीची असल्यामुळे पुरातत्त्वज्ञांचे त्याने पूर्ण समाधान होत नाही. पाठ्यपुस्तकात एखाद्या गोष्टीचे वय एका आकड्यात छापलेले असते. त्या आकड्यामागे अशी भांडणे असतात, हे मुलांना निदान एकदा कळावे असे मला वाटते. त्यासाठी बोरीइतके जवळचे उदाहरण शोधून मिळणार नाही.

आता गड. नारायणगड पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या वेळचा मानला जातो. म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. जुन्नरच्या इतर किल्ल्यांच्या मानाने तो अगदी अलीकडचा. पश्चिमेचे किल्ले घाटवाटांवर लक्ष ठेवत. हा बराच पूर्वेला, खोरी रुंद होऊन सपाट होऊ लागतात तिथे आहे. सपाटीत सुटा उभा असलेला डोंगर लहान असला तरी चालतो, कारण त्याच्या नजरेच्या आड येणारे जवळ काही नसते. माथ्यावर चार माणसे बसवली, की खालच्या वाटेने कोण आले, किती जनावरे आहेत, धूळ कुठल्या बाजूला उडते आहे, हे सगळे दिसते. गडाचे मोल त्याच्या नजरेत होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या मेजर एल्ड्रिजच्या फौजेने चावंड आणि जीवधन घेतले आणि जुन्नरच्या किल्ल्यांचे राज्य संपले. तोफेपुढे नजर पुरी पडत नाही.

पुढची दीडशे वर्षे डोंगर गुरांना चारा देत राहिला. मग १९७० च्या आसपास नारायणगावजवळच्या आर्वीला एक भलीमोठी थाळी उभी राहिली. व्यापारी उपग्रह-दळणवळणासाठी देशात उभारलेले हे पहिलेच भू-केंद्र. १९७२ साली त्याच्या उद्घाटनाच्या निमित्ताने टपाल तिकीटही निघाले. विक्रम साराभाईंचे त्याआधी थोडेच दिवस, ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले होते, म्हणून केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. मुंबईहून परदेशी लावलेला फोन आर्वीच्या थाळीतून हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे जाई. गावात फोन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि शेजारच्या माळावरून लंडनशी बोलणे चाले, ही त्या काळातली गंमत. उपग्रहाकडून येणारा संदेश फार क्षीण असतो. म्हणून अशी केंद्रे शहरांच्या गलबल्यापासून दूर ठेवत.

रेडिओ दुर्बिणीला हीच गरज कितीतरी पटींनी जास्त. तिची कथा सांगायची तर पुन्हा कल्याणपासून सुरू करावी लागते. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर पहिली रेडिओ दुर्बीण उभारली ती १९६५ साली कल्याणला. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या ३२ लहान थाळ्यांची, सूर्याचे निरीक्षण करणारी. दुसरी १९७० साली उटीला. या दुसऱ्या दुर्बिणीसाठी त्यांना डोंगर हवा होता, पण वेगळ्या कामासाठी. उटी सुमारे ११ अंश अक्षांशावर आहे. तिथे उत्तर-दक्षिण असा, नेमका ११ अंश चढ असलेला उतार शोधला आणि त्यावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण आडवी घातली. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला. एकाच अक्षाभोवती फिरवली की तारा नजरेत धरून ठेवता येई. यंत्रणेचा मोठा खर्च डोंगराच्या उताराने वाचवला.

तिसरी दुर्बीण खोडदची. कल्पना १९८४ सालची, उभारणी मुख्यतः १९९० च्या दशकातली, आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगातल्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचे नाव, जीएमआरटी हे बोलण्यातले. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात, आणि १६ तीन दिशांना गेलेल्या तीन बाहूंवर, गावोगावच्या शिवारांत. टोकाच्या दोन थाळ्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांचे संदेश प्रकाशतंतूंच्या तारांनी एकत्र आणून जुळवले, की बारकावा पाहण्याच्या बाबतीत ही दुर्बीण २५ किलोमीटर रुंदीच्या एका थाळीसारखी वागते.

जागा हीच का? स्वरूपांनी दिलेली कारणे तीन. पुण्यापासून ८० किलोमीटर आणि हमरस्त्याजवळ, म्हणजे ये-जा सोयीची. चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला, म्हणून डोक्यावरचे आयनांबर बऱ्यापैकी शांत, आणि तरीही इतके दक्षिणेला, की दक्षिण आकाशाचा मोठा भाग दिसतो. तिसरे कारण म्हणजे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी. या तिसऱ्या कारणात भोवतालच्या डोंगरांचा वाटा आहे, आणि त्यांत नारायणगडही आला. दूरच्या शहरातून जमिनीलगत येणाऱ्या रेडिओ लहरी डोंगरावर अडतात आणि पलीकडे त्यांची सावली पडते. ही सावली उन्हाच्या सावलीइतकी काटेकोर नसते. लांब लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकून खाली उतरतात, आखूड लहरी तितक्या वाकत नाहीत. तरी जे अडते ते थोडे नसते. पेशव्यांच्या माणसाला डोंगर हवा होता तो वर चढून दूरवर पाहता यावे म्हणून. खगोलशास्त्रज्ञाला हवा होता तो दूरच्यांनी आपल्याला ‘पाहू’ नये म्हणून, पडद्यासारखा.

गावकऱ्यांना थाळ्यांचे पहिले नवल वाटते ते त्यांच्या जाळीचे. इतक्या मोठ्या थाळीला पत्रा का नाही? पत्रा घातला असता तर वाऱ्याने ती शिडासारखी ओढली असती, आणि ती ओढ सोसायला कितीतरी जास्त लोखंड लागले असते. स्वरूपांनी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, भोके एक ते दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो. रेडिओ लहरी मात्र जात नाहीत, कारण इथे ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. लहरीच्या लांबीपेक्षा भोक पुष्कळ लहान असले, की जाळी लहरीला अखंड पत्र्यासारखी वाटते. चाळणीतून पीठ पडते, शेंगा पडत नाहीत.

गोंगाट हा शब्द मुलांच्या मनात घोटाळा करतो, तिकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. नारायणगावात तमाशाची ढोलकी रात्रभर वाजली, तरी दुर्बिणीला तिचे काही नाही. ढोलकीचा आवाज हवेच्या कंपनांचा, दुर्बीण ऐकते ती विद्युतचुंबकीय लहर. ढोलकीच्या मागचा विजेचा दिवा मात्र तिला त्रास देऊ शकतो. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलच्या प्लगमधली ठिणगी, उच्चदाबाच्या तारांच्या सैल जोडावर उडणारी ठिणगी, मोबाइलचा मनोरा, ही सगळी दुर्बिणीच्या लेखी आरडाओरड. एके काळी घरोघरच्या टीव्हीच्या अँटेनांवर बसवलेले स्वस्त बूस्टर बिघडले, की स्वतःच प्रक्षेपक होऊन बसत आणि आकाशातल्या संदेशांना बुडवून टाकत. छपराछपरावर असलेला उपद्रव शोधून काढणे किती किचकट असेल याची कल्पना करावी.

शांततेतून काय मिळते याचा एक दाखला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा लहानसा प्रक्षेपक मंगळाजवळच्या दुसऱ्या यानाला ऐकू जावा एवढ्याच ताकदीचा. पृथ्वी तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होती आणि संदेशाला पोचायला सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. तो संदेश खोडदच्या थाळ्यांनी पकडला. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, हे त्या क्षीण सुरातल्या बदलांवरून इथे कळत गेले. जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी तो सूर थांबला. यान कोसळले होते, आणि पृथ्वीवर त्याची पहिली कुणकुण लागली ती जुन्नर तालुक्यात. २०२३ साली याच दुर्बिणीच्या नोंदींतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश ओळखल्याचे प्रसिद्ध झाले.

ही शांतता फुकट मिळत नाही, आणि तिची किंमत दुर्बीण वापरणारे सगळेच देतात असेही नाही. दुर्बिणीभोवतीच्या टापूत कारखाना काढायचा, मनोरा उभारायचा, विजेची वाहिनी न्यायची, तर आधी विचारावे लागते. सर्वांत मोठा पेच पडला तो पुणे-नाशिक रेल्वेमार्गाचा. अनेक वर्षे ज्याची वाट पाहिली तो वेगवान विद्युत मार्ग नारायणगावच्या बाजूने आखला होता आणि तो थाळ्यांच्या मधून जात होता. दुर्बिणीला बाधा येईल या कारणावरून २०२५ साली केंद्र सरकारने ती आखणी बाजूला ठेवून अहिल्यानगर आणि शिर्डीवरून मार्ग न्यायचे ठरवले. जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेरच्या लोकांनी त्याला विरोध केला. माझे मत विचाराल तर दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही, म्हणून तिला जपलेच पाहिजे. पण टोमॅटो लवकर मुंबईला पोचावा असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला विज्ञानविरोधी ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. ज्याच्या शेताच्या बांधावर थाळी उभी आहे, त्याला तिने काय ऐकले हे मराठीत कोणी समजावून सांगितले, याचा हिशेब आधी मांडावा. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळा आपले प्रयोग घेऊन येतात आणि हजारो माणसे थाळ्या जवळून पाहतात. तो एक चांगला पायंडा आहे, पण दोन दिवसांचा.

डोंगराच्या आडोशालाही मर्यादा आहे. तो बाजूने येणाऱ्याला अडवतो, वरून येणाऱ्याला नाही. पृथ्वीभोवती कमी उंचीवर फिरणाऱ्या दळणवळण-उपग्रहांची संख्या हजारांवर गेली आहे. त्यांच्यातल्या विद्युत यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी गळत असल्याचे युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ साली दाखवून दिले. खोडदची दुर्बीणही यातल्या बऱ्याच भागात ऐकते. तिथे नारायणगड काय किंवा शिवनेरी काय, कोणाचा इलाज नाही.

आडोसा म्हणजे काय हे मुलांना अनुभवायचे असेल, तर एक साधा प्रयोग आहे. जवळच्या शहराचे एफएम केंद्र लागते असा लहान रेडिओ घ्यावा. आपल्या गावच्या टेकडीच्या शहराकडच्या अंगाला तो लावून आवाज कसा येतो ते लिहून ठेवावे. मग टेकडीला वळसा घालत दर शंभर पावलांवर थांबून नोंद करावी, आणि शेवटी माथ्यावर जावे. एफएमच्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या, म्हणून टेकडीमागे कुठे तरी खरखर सुरू होते. एखाद्या मुलाला मोटारसायकल चालू करून जवळ उभे करायला सांगितले आणि रेडिओ मध्यम लहरींवर लावला, तर प्लगची तडतडही ऐकू येते. फक्त हा प्रयोग खोडदच्या थाळ्यांजवळ करू नये. रेडिओ संच ऐकण्यासाठी असतो खरा, पण चालू असताना तो स्वतःही थोड्या लहरी बाहेर टाकत असतो.